मुखरूभाऊंची गाडी आणि खांदशेकणीची हळद

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात घरी गाडी धुणारे चार-पाच जण आहेत, पण मुखरूभाऊंसारखी धुणारा मी दुसरा पाहिला नाही. मी त्यांचा शेजारी. कुंपणापलीकडचं सगळं मला दिसतं, आणि जे दिसत नाही ते विचारायची खोड आहे.

गेल्या वर्षी त्यांचा एक बैल म्हातारपणानं गेला. जोडी फुटली म्हणून दुसरा मेव्हण्याला दिला आणि साठीला टेकलेल्या या माणसानं गाडी शिकून एक जुनी पांढरी गाडी घेतली. धुताना आधी चाकं, मग पोट, शेवटी पाठ. वरून खाली धुवा असं मी सांगितलं, तर म्हणाले, "एकदम पाठीवर पाणी टाकलं तं भेते ना जी."

आता मूल शहरातून रोज आमच्या शाळेत येणाऱ्या चार शिक्षिकांना कायमची भाड्याची गाडी हवी होती. त्यांच्यातल्या अंजुम मॅडम पोळ्याच्या सुट्टीत दुपारी येऊन गाडी पाहणार होत्या. मुखरूभाऊंना हे काम फार हवं होतं. बैल गेल्यापासून रिकामं बसून माणूस पार सुकला होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावभर खांदशेकणी चालली होती. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. मुखरूभाऊ रिकाम्या गोठ्यासमोर बसून होते. मग वाटी घेऊन उठले आणि गाडीच्या बॉनेटला दोन्ही बाजूंनी हळद चोळू लागले.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," असं हळूच म्हणाले. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं.

सकाळी पाहतो तर चमक गेलेल्या जुन्या रंगात हळद मुरलेली. "साबण लावा," मी शहाणपणा केला. साबण लागताच पिवळे डाग लालभडक झाले. गाडी कुणाला तरी उडवून आल्यासारखी दिसू लागली. मुखरूभाऊ घाबरून घासत सुटले. त्यांचा मुलगा हेमराज चिडला, "बाबा, गाडी होय ते, बैल नोहोय!"

पुरणाचे हात तसेच घेऊन मुखरूभाऊंच्या पत्नी रंभाबाई बाहेर आल्या. "घासू नोका जी. लुगड्याले हळद लागली तं मी काय करतो? साबण धुऊन काढतो न उन्हात टाकतो."

"ऊन कुठी आहे?" मुखरूभाऊ आभाळाकडे पाहत म्हणाले. तीन दिवस पावसाची झड येऊन-जाऊन चालूच होती.

तरी पाणी मारून साबण काढला आणि गाडी ढकलत मोकळ्यावर आणली. अकराच्या सुमारास ढग फाटले. मुखरूभाऊ दर अर्ध्या तासानं गाडी उन्हाकडे वळवत होते. डाग फिके होत गेले. चार वाजता फक्त एक पिवळट पंजा उरला, पाचही बोटं मोजता येतील असा.

अंजुम मॅडम स्कूटीवरून उतरल्या. आतून-बाहेरून गाडी पाहिली आणि नेमक्या त्या पंज्यापाशी थांबल्या.

"रंग खराब आहे थोडा," हेमराज घाईनं म्हणाला.

"हळद होय, मॅडम," मुखरूभाऊ मान खाली घालून बोलले. मग खांदशेकणीपासून साबणापर्यंत सगळं सांगून टाकलं. मी तर काम गेलंच धरलं.

मॅडमनी विचारलं, "बैलांना मारायचात का हो?"

"चाबूक घरात आणलाच नाई. घाटावर थकले तं मी उतरून संगं चालत जाओ."

मॅडमनी तिथूनच सोबतच्या शिक्षिकेला फोन लावला. "गाडी जुनीच आहे गं. पण चालवणारा चांगला मिळालाय." मग मुखरूभाऊंकडे वळल्या, "परवा नऊला या मूलला."

मुखरूभाऊंचे डोळे भरले होते. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला.

"नऊचं असंल तं मी सातलेच निघतो, मॅडम. तिले पयल्याच दिवशी पळवाचं नाई मले."