ताकातला हिंग

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या पोटात दुर्बीण घातली, आतड्याचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर सांगितलं, की मला आता जन्मभर गहू चालणार नाही. सिलिअ‍ॅक म्हणतात या आजाराला. गव्हाचा कण पोटात गेला तरी आतडं सोलवटतं आणि मग खाल्लेलं काही अंगी लागत नाही. अंगात रक्त नसणं, पोट बिघडलेलं असणं, दोनदा राहिलेलं पोट तिसऱ्या महिन्याच्या आतच पडणं, या सगळ्याचं कारण बहुतेक हेच, असं ते म्हणाले. माझी माय शेजारी बसून डोळे पुसत होती. मला उलट हलकं वाटलं. पोळी सोडायची, एवढंच ना? ज्वारीची भाकर तर आमच्याकडे रोजचीच.

माझं सासर परतवाड्याच्या अलीकडे. घरचा भाजीचा मळा आहे, वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं. सासूला हे कसं सांगावं याची धास्ती घेऊनच मी घरी आले. ती जुड्या बांधत होती. हातातलं काम न थांबवता तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "पोळीच नाई, का गहूच नाई?"

"हाताले लागलेलं पीठबी नाई, आई."

"मंग हात धूत जाऊ."

आणि ती खरंच धूत राहिली. माझा तवा, पोळपाट, डबे, सगळं वेगळं झालं. गावच्या चक्कीवर गहू दळून झाला की त्याच पाट्यांत ज्वारी पडते, हे कळल्यावर तिनं माझ्या नवऱ्याच्या मागे लागून घरघंटी आणवली आणि तीत गव्हाचा दाणा कधी पडू दिला नाही. बाकीच्यांची कणीक ती बाहेर ओसरीवर मळायची. लग्नकार्याला निघालो की माझा डबा तिच्याच हातात. कुणी काही म्हणालं तर, "तिचं पथ्य हाय," एवढं बोलून विषय संपवायची. दवाखान्यात अशी सासू दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं मी ऐकलं नाही.

तरी मी पुरती बरी होत नव्हते. हगवण कमी झाली, वजन थोडं चढलं आणि तिथंच अडकलं. जेवण झालं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. मग सासू ताक करायची आणि त्यात हिंग घालायची. वरणालाही माझ्यासाठी वेगळी, हिंगाची फोडणी असायची. "हिंगानं वात सरते," म्हणायची. पोट जास्त फुगलं की हिंगही जास्त.

अशातच मला पुन्हा दिवस गेले. या वेळी तिसरा महिना पार पडला. चौथाही पडला. घरात कुणी उघड बोलत नव्हतं, पण सासरे बाजारातून येताना माझ्यासाठी संत्री आणू लागले. नवरा माझ्या हातून बादली काढून घेऊ लागला. मी पोटावर हात ठेवून बसायला शिकले.

पाचव्या महिन्यात अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "गहू कुठून तरी जातोय अजून पोटात."

सासू एकदम ताठ झाली. "माह्या घरातून? जाऊच शकत नाई."

"मग पुढच्या वेळी ही जे जे खाते ते सगळं घेऊन या मावशी. डबे, पाकिटं, सगळं."

तिनं शब्दशः तसंच केलं. मोठी पिशवी भरून मांडीवर घेतली आणि एस.टी.च्या गर्दीत ती खाली ठेवू दिली नाही. बाईंच्या टेबलावर तिनं एकेक वस्तू मांडली. ज्वारीचं पीठ, तांदूळ, डाळी, तिखट, हळद, गूळ. मांडताना तिच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. बाई एकेक उचलून बघत होत्या. हिंगाची डबी त्यांनी उजेडाकडे धरली आणि तिच्यावर छापलेलं वाचलं.

"मावशी, यात गव्हाचं पीठ आहे."

"हिंगात? हिंग तं हिंग असते."

"नुसता हिंग फार उग्र असतो. म्हणून पीठ मिसळून विकतात. कुणी तांदळाचं मिसळतं, कुणी गव्हाचं. यावर लिहिलंय."

सासूनं डबी माझ्या हातात दिली. मी वाचलं. मुंगीएवढं अक्षर होतं, पण होतं. मी मान हलवली. तिनं डबी माझ्याकडून परत घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, जणू तिलाही आता वाचता येईल.

"रोज देल्लं म्या," ती म्हणाली. "पोट दुखलं का देल्लं."

बाई समजुतीनं बोलल्या. आता बंद करा, अजून वेळ आहे, मनाला लावून घेऊ नका. परतीच्या गाडीत सासू खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या हातावर हात ठेवला, तिनं तो काढून घेतला नाही आणि धरलाही नाही.

हिंग बंद झाल्यावर थोड्याच दिवसांत माझं पोट शांत झालं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली. पण सोनोग्राफीत बाळ दिवसांच्या मानानं लहानच दिसत होतं. पुढच्या वेळीही लहान. रक्त वाढायची इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, मी ताट चाटूनपुसून खात होते. सातव्या महिन्यात ओटी भरली तेव्हा सासूनं गव्हाऐवजी तांदूळ घेतले. नुसत्या दाण्यानं काही होत नाही, हे मी तिला सांगितलं होतं. तिची नणंद म्हणाली, "गव्हाबिगर ओटी असते काय व?" सासूनं ओंजळ भरून तांदूळ माझ्या पदरात टाकले.

आठव्या महिन्यात एका सकाळी मी सांबार निवडत बसले होते, आणि लक्षात आलं की उठल्यापासून बाळ हललेलं नाही. गूळ खाल्ला, पाणी प्याले, कुशीवर झोपले. मग नवऱ्याला हाक मारली. अमरावतीला सोनोग्राफीच्या मशीनवरच्या डॉक्टरांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला, तेव्हाच मला कळलं.

मुलगी होती. डोक्यावर दाट केस होते. सासूनं तिला कपड्यात गुंडाळून घेतलं आणि बराच वेळ कुणाच्या हाती दिलं नाही.

दवाखान्यातून निघताना मी बाईंना विचारलं, "हिंगानंच झालं का?"

"असेलही, नसेलही," त्या म्हणाल्या. "असं व्हायला दुसरीही कारणं असतात. खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही." त्या खरं बोलल्या, हे मला समजत होतं. पण त्या खऱ्याचं करायचं काय, ते समजत नव्हतं.

घरी आल्यावर सासूनं माझा स्वयंपाक करणं सोडलं. "तुह्यं तूच करत जाय व बाई. माह्या हाताचा मले भरोसा नाई."

"तुमचा दोष नाई, आई."

"मंग कोनाचा हाय?"

तेव्हापासून ती मळ्यातच दिवस काढते, जेवायला सगळ्यांच्या शेवटी येते. नवरा आणि मी गरजेपुरतं बोलतो. तो वाईट माणूस नाही. बोलायला लागलं की दोघंही तिथंच येऊन थांबतो, म्हणून बोलणं टाळतो.

परवा पुन्हा रक्त तपासलं. रिपोर्ट पहिल्यांदाच एकदम स्वच्छ आला. बाई खुश होत्या. आता पुन्हा विचार करायला हरकत नाही, म्हणाल्या. मी मान हलवली. रिपोर्ट घरी कुणाला दाखवला नाही, कुणी विचारलंही नाही. माझं वजन वाढलंय. गालांवर रंग आलाय. संध्याकाळी मळ्याच्या वाटेवर शेजारीण भेटली, थांबून मला वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाली, "आता कशी तब्येत झाली व तुही! अशीच पायजे होती बाप्पा अगोदर."

मी हो म्हटलं आणि पुढे चालू लागले.