हिराताईंची गाठ

नर्सिंगमध्ये पस्तीस वर्षं काढली. कितीतरी मेलेल्यांचे डोळे या हातांनी मिटवले, त्यातलं कोणी परत येऊन मला भेटलं नाही. रात्रपाळीला मुली भुताच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी त्यांना कापसाचे बोळे करायला बसवायचे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही मला वेड्यात काढणार... काढा. आणि यात भूत नाही. जिची ही हकीकत, ती बाई तेव्हा चांगली धडधाकट होती.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. पालघरमधलं एक हॉस्पिटल, नाव मुद्दाम देत नाही. मी बोईसरहून यायचे, नवरा तारापूरला कारखान्यात. सर्जिकल वॉर्डात माझ्या वरच्या सिस्टर म्हणजे हिराताई. नवापूरच्या, घरी मासेमारीची होडी, ठेंगण्या, कपाळावर हिरवं गोंदण. डिप्लोमा करून मी आले तेव्हा मला सुई धड टोचता येत नव्हती. सगळं त्यांनी शिकवलं.

एक गोष्ट सोडून. पोटाचं ऑपरेशन झालं की पेशंटला कापडी पट्टा बांधतात. त्याला सेफ्टी पिन लागते, आणि आमच्याकडे पिना कधी नसायच्याच. हिराताई पट्ट्याच्या टोकांना जाळं विणताना मारतात तसली गाठ मारायच्या. चपटी, न टोचणारी. एरवी सुटायची नाही, पण शेपूट ओढलं की झटक्यात मोकळी. मला ती कधीच जमली नाही. बांधून झालं की त्या पेशंटला म्हणायच्या, "खोकला आला तं लाजू नको. हात दाब नि खोक."

आम्हा डिप्लोमावाल्या नर्सना पुन्हा दोन वर्षं शिकून बी.एस्सी. करता यायचं. आमच्याकडे त्याशिवाय ट्यूटर करत नसत, आणि हिराताईंना ट्यूटरच व्हायचं होतं. दोनदा त्यांचा अर्ज मागे पडलेला. तिसऱ्या वर्षी हॉस्पिटलातून एकच नाव जाणार होतं. अर्ज आम्हा दोघींचे. वयाच्या अटीमुळे त्यांची ही शेवटची संधी.

मेट्रनबाईंनी मला एकटीला बोलावलं. "हिराला इंग्रजीतून झेपेल का गं?"

मी म्हटलं, "इंग्रजी कच्चं आहे त्यांचं."

खोटं नव्हतं ते. माझंही कच्चंच होतं — तेवढं बोलले नाही. हुशारी खाली आणि इंग्रजी वर, असा सगळा कारभार! पण कारभाराला शिव्या घालून काय उपयोग, तोंड तर माझंच होतं.

माझं नाव गेलं. निघताना हिराताईंनी स्वतःची नोट्सची वही माझ्या हातात दिली. "तू जा गो. आमी हाय इथं." त्यांना काही कळलं होतं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

शेवटची प्रॅक्टिकल मुंबईच्या एका हॉस्पिटलात होती. मी त्यात एकदा नापास झाले होते. पुन्हा नापास म्हणजे डिग्रीवर पाणी सोडून परत यायचं. सकाळचे दहा. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी मला दिल्या होत्या. पट्टा गुंडाळला, पिन लावायला गेले तर ती वाकली. परीक्षक बाई चार खाटा पलीकडे. मी दुसरी पिन आणायला पळाले, मिळाली नाही, तशीच परत आले...

पट्टा बांधलेला होता. एक सुरकुती नाही. मधोमध ती गाठ.

"कोणी बांधलं, आजी?"

"तुमच्याच एक सिस्टर होत्या की. ठेंगण्या, कपाळावर गोंदलेलं. म्हणाल्या, लाजू नको, हात दाब नि खोक."

मी वॉर्डभर नजर फिरवली. वॉर्डात तशी कोणीच नव्हती. तेवढ्यात परीक्षक आल्या, दोन बोटांनी गाठ चाचपली.

"छान आहे. पुस्तकात नाही ही. कोणी बांधली?"

"मीच, मॅडम."

विचार न करता बोलून गेले. आणि खरं सांगू? लगेच बरंच वाटलं.

पास झाले. पेढे घेऊन पालघरला गेले आणि आधी हजेरीचं मस्टर पाहिलं. परीक्षेच्या दिवशी हिराताईंची सही होती. वॉर्डातल्या आयाला विचारलं तर ती म्हणाली, "त्या दिसी तं आमी घाबरलो. दहाच्या सुमाराला ड्रेसिंगच्या खोलीत स्टुलावर बसल्या व्हत्या. हाका मारल्या, तं ओ नाय. डोळे उघडे, नि हात तेवडे चालत व्हते, जाळं विणल्यासारके."

हिराताईंनी पेढा घेतला, अर्धा मोडून कागदात ठेवला. मग म्हणाल्या, "तुज्या मॅडमनी इचारलं ना, गाठ कोनी बांदली? काय सांगितलंस?"

गाठीबद्दल मी कोणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. मी पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधायला घेतला.

"नाव सांगायचं व्हतं गो माजं," त्या म्हणाल्या. "तेवडं तरी गेलं असतं तिथं."

हिराताई त्याच वॉर्डातून रिटायर झाल्या. मी ट्यूटर झाले, वर्षानुवर्षं मुलींना पट्टे बांधायला शिकवले, पिना लावून. ती गाठ अजूनही मला येत नाही. दहा वाजता पालघरला बसलेल्या बाईचे हात मुंबईत कसे पोचले, हे मी डॉक्टरांना विचारलं, देवाधर्माच्या माणसांना विचारलं, कोणाला काही सांगता आलं नाही. मलाही नाही. त्यांचं नाव का गेलं नाही, तेवढं मात्र मला माहीत आहे.