पायरीला चापट

आमच्या जिन्यातल्या एका पायरीची फरशी गणपतीपासून निखळलेली होती. परवा तिच्यावरून शेजारच्या सुमनताई घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांची भाची वकील आहे. सोसायटीला नुकसानभरपाईची नोटीस द्यायची म्हणून ती काल माहिती लिहून घेत होती. मी चहा घेऊन गेले होते.

"मावशी, पडलीस कशी?"

"माझंच चुकलं गं. बघून चालायला नको का?" प्लास्टरमधला हात मांडीवर सांभाळत सुमनताई म्हणाल्या.

भाचीचं पेन थांबलं.

माझी लेक लहानपणी पडली, की याच सुमनताई धावत यायच्या. "कोणी पाडलं माझ्या बाळाला? या जमिनीनं?" असं म्हणत जमिनीला चापट मारायच्या, आणि लेक रडता रडता हसायची. मग नेमकी कोणत्या वयात जमीन निर्दोष सुटते आणि सगळा दोष आपल्या पायांवर येतो?

मी उठले. दारासमोरच्याच त्या पायरीपाशी वाकले आणि तिला सणसणीत चापट मारली.

सुमनताई हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"लिही गं," त्या भाचीला म्हणाल्या, "फरशी गणपतीपासून निखळलेली होती."