नावं सरकली त्या वर्षी

वैजयंतीताई वादक मंडळाच्या खजिनदार झाल्या त्या चहामुळे. नवी पेठेतल्या मंडळाच्या खोलीत बैठक चालली होती. त्या खाली चहा सांगायला गेल्या आणि वर येईपर्यंत त्यांची निवड होऊन टाळ्याही वाजून गेल्या होत्या.

"टेलिफोन खात्यात होता ना तुम्ही? मग तुम्हाला जमणार," अध्यक्ष आदिनाथ सर म्हणाले. टेलिफोनचा आणि वर्गणीचा काय संबंध, हे ताईंना तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. त्यांना पेटी वाजवता येत होती, आणि तेवढ्यासाठीच त्या मंडळात आल्या होत्या.

वर्गणीचं काम सुरू झालं तसा त्यांचा गोंधळ वाढत गेला. बँडवाले म्हणायचे, "लगीनसराई होऊ द्या की ताई." मोबाईलवरून पैसे यायचे ते भलत्याच नावाने. एकदा कुठल्याशा ट्रेडर्सकडून वर्गणी जमा झाली. हा कोण वादक? बऱ्याच फोनांनंतर कळलं, ते तबलजींच्या जावयाचं दुकान. मग पावती सासऱ्याच्या नावाने फाडायची की दुकानाच्या, यावर ताई दोन दिवस विचार करत बसल्या.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की मंडळाचा वार्षिक मेळावा असतो. त्याचं निमंत्रण आणि सभासदाचं कार्ड एकाच पाकिटातून टपालाने जातं. यंदा ताईंनी सगळी नावं संगणकावर घेतली आणि ती अ-आ-इ प्रमाणे लावली. नावं छान लागली. पत्ते आणि वाद्यं मात्र होती तिथेच राहिली. ताईंच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी छापलं, चिकटवलं आणि पाकिटं टपालात टाकली.

पहिला फोन रंभाबाईंचा. त्यांचे यजमान हिंदुराव बँडमध्ये ट्रंपेट वाजवतात.

"ताई, ही महेश्वरी कोण हाय?"

"महेश्वरी? भजन गातात त्या. का हो?"

"मग तिचं कार्ड आमच्या घरी कशाला आलंय? वर लिवलंय ट्रंपेट. आमच्या घरात ट्रंपेट एकच माणूस वाजवतो. ह्यांना इचारलं तर म्हणत्यात, मला काय बी ठाऊक न्हाय!"

"अहो रंभाबाई, तसं काही नाही..."

"मग कसं हाय, ते सांगा की!"

कसं आहे ते ताईंनाच कळत नव्हतं. त्या दिवशी फोन वाजतच राहिला. ढोलकीवाल्याकडे सतारवाल्याचं कार्ड गेलं होतं, सतारवाल्याकडे कुणा ताशेवाल्याचं. संध्याकाळी संगणक उघडल्यावर त्यांना चूक दिसली. पुन्हा छापायला वेळ नव्हता. शेवटी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "चूक माझी आहे. ज्यांच्याकडे ज्यांचं कार्ड आलंय, त्यांनी ते मेळाव्याला घेऊन यावं." त्यावर कुणी नमस्कार पाठवला, कुणी हसरा चेहरा. लोक रागावलेत की नाहीत, याचा त्यावरून काही अंदाज येईना.

महेश्वरीबाईंच्या घरी जे पाकीट आलं होतं त्यावर नाव होतं सिद्रामप्पांचं. अक्कलकोट रोडला राहणारे हे म्हातारे सुंद्री वाजवायचे. सुंद्री म्हणजे सनईची धाकटी बहीण. दात पडले तशी फुंक धरेना, आणि त्यांनी मंडळात येणं सोडलं. वर्गणी मात्र दरवर्षी यायची. ते मेळाव्याला येणार नाहीत असं वाटून महेश्वरीबाई स्वतःच कार्ड द्यायला गेल्या. त्यावर छापलं होतं, 'सिद्रामप्पा, भजन गायन'.

ते कार्ड म्हाताऱ्याने बराच वेळ निरखलं. मग कानडीत एवढंच विचारलं, "हे मंडळानं ठरवलं काय?"

महेश्वरीबाई नुसत्या हसल्या.

मेळाव्याला सभागृह कधी नव्हे ते भरलं. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचं कार्ड, आणि जो तो ओरडतोय, "अहो, तुम्ही कोण?" रंभाबाई महेश्वरीबाईंना शोधत आल्या, त्यांचे पांढरे केस पाहिले आणि मुकाट्याने शेजारी बसल्या. गंमत म्हणून आदिनाथ सरांनी चुकलेल्या कार्डांची यादी मोठ्याने वाचायला घेतली. लोक हसत होते. "सिद्रामप्पा, भजन गायन!" सरांनी वाचलं.

मागच्या रांगेतून सिद्रामप्पा उठले. सावकाश मंचावर येऊन बसले. सरांनी गोंधळून ताईंकडे पाहिलं, ताईंनी पेटीकडे. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि कानडी भजन सुरू केलं. आवाज फाटका होता, बोळक्या तोंडातून शब्द निसटत होते, पण सुंद्रीवर घ्यायचे त्या जागा ते गळ्याने घेत होते. ताईंनी घाईघाईने भाता ओढला. सूर कुठला धरायचा, ते भजन संपेपर्यंत त्यांना उमगलं नाही. हसणं केव्हाच थांबलं होतं.

नंतर ताई त्यांच्याजवळ गेल्या. "अप्पा, माफ करा. तुमचं कार्ड बदलून देते, सुंद्री लिहून."

"कशाला?" अप्पांनी कार्ड खिशात ठेवलं. "ऱ्हाऊ द्या की. बरोबर हाय ते."

घरी येऊन ताईंनी सगळी नावं पुन्हा आपापल्या जागी लावली. अप्पांच्या नावापुढे काय लिहावं, यावर त्या अडल्या. त्यांनी सरांना फोन केला. सर म्हणाले, "ते सांगतात ते लिहा." ताईंनी भजन गायन लिहिलं. ते खोडलं, परत लिहिलं.

आता अप्पा दर महिन्याच्या बैठकीला येतात. त्यांचा सूर अजून मध्येच पट्टी सोडून पुढे जातो, आणि ताई पेटीवर त्याच्यामागे धावत असतात.