खंडेनवमीचं तेल

चामटोलीच्या तुळशीला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हसतो. साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, डोक्याला टॉवेल, पायात गमबूट आणि पुढ्यात भर्रर्र करत जाणारं लाल रंगाचं गवत कापायचं मशीन. तिलाही त्याचं काही वाटत नाही. "जल्मभर भाताच्या खाचरातला गवत उपटला," ती म्हणते. "आता हे बंगलेवाले तेच गवत पेरतात, त्याला पानी घालतात, नि वाडला की कापाला मना बोलावतात. माजी आय असती तर बोलली असती, यड लागला लोकांना!"

मशीन खरं जनूचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. आसपासच्या फार्महाऊसची सगळी लॉनं तोच कापायचा. मग त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी आणलेला जनू ओटीवर खाट टाकून भिंतीकडे तोंड करून पडून राही. कुणी चहाचा कप तोंडाला लावी, कुणी दाढीचा वस्तरा हातातून काढून घेई. सगळे मायेनेच करत होते, पण एकेक वस्तू हातातून गेली तसा तो गप्प होत गेला. काम सुटू नये म्हणून मशीन तुळशीने धरलं.

एकदा दमून आल्यावर तिने ते तसंच चिखलाने माखलेलं ओटीजवळ सोडलं. सकाळी पाहते तर पातं खरवडून लख्ख झालेलं, आणि खाटेवर जनूचा डावा हात कोपरापर्यंत काळा. दुसऱ्या संध्याकाळीही तिने मशीन मुद्दाम तिथेच लावलं. हळूहळू जनू उठून बसायला लागला, दाढी स्वतः करायला लागला, "कंच्या बंगल्यावर गेलती? तिथं दगड हायेत, पातं वर घेतलास ना?" असं विचारायला लागला. मशीनची देखभाल त्याची, कापणी तिची. तुळशीच्या लेखी नवरा दवाखान्यातून तेव्हा कुठे घरी आला.

खंडेनवमीला ती झेंडूची फुलं आणायला बदलापूरच्या बाजारात गेली. परत आली तेव्हा विळा-कोयत्याच्या शेजारी मशीन नव्या नवरीसारखं बसवलेलं. धुतलेलं, पुसलेलं, हळदकुंकू लावलेलं. जनू घामाने निथळत होता आणि हसत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंगल्यावर मशीन सुरू केलं, तर अर्धं लॉन होईतो पांढऱ्या धुराचा लोट उठला. इंजिनाच्या बाजूने तेल ठिबकून गवतावर काळा डाग पडला.

"मावशी, बंद करा, लॉन जळेल!" बंगला सांभाळणारा नरेंद्र ओरडत आला.

तुळशीने मशीन बंद केलं. इंजिन गेलं म्हणजे संध्याकाळी ओटीजवळ काय लावायचं, हाच विचार तिच्या मनात आधी आला. नरेंद्रने कुणाला तरी सांगून टेम्पो बोलावला. मशीन त्यात घालून तिने अंबरनाथ पश्चिम गाठलं.

तिथे धम्मदीपचं फवारणी पंप, जनरेटर असल्या बारक्या इंजिनांचं गॅरेज आहे. त्याने वाकून पाहिलं. "काकी, तेल अडवणारं सील गेलं असेल तर इंजिन खोलावं लागेल."

"नको रे असा बोलू!"

"बोलून थोडंच जातंय? बघू तर द्या." त्याने इंजिन कोरडं पुसलं आणि शेजारच्या कॅरम क्लबमधून पावडरीचा डबा मागून आणला.

"आता याला पावडर लावतोस?"

"लग्नाला चाललंय ना!" म्हणत त्याने सगळीकडे पावडर भुरभुरली आणि दोरी ओढली. धूर निघाला. सीलपाशी पावडर पांढरी ती पांढरीच राहिली. एअर फिल्टरच्या डब्याखाली मात्र ती ओली, तपकिरी झाली. त्याने डबा उघडला. आतला स्पंज तेलात बुडालेल्या भज्यासारखा दिसत होता. मग तेलाची पट्टी बाहेर काढली. तेल खुणेच्या पार वर.

"सील चांगलं आहे. तेल तोंडापर्यंत भरलंय, वर मशीन फिल्टरच्या कुशीवर आडवं पाडलंय, म्हणून ते फिल्टरात उतरलं. हा प्रताप कोणाचा?"

तुळशीच्या डोळ्यांसमोर खंडेनवमी आली. सणाला घरातलं कुठलंच भांडं अर्धं ठेवायचं नाही, हंडा नाही, तांदळाचा डबा नाही, समई नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. जनूने इंजिनही तसंच काठोकाठ भरलं असणार.

"माजाच," ती म्हणाली.

धम्मदीपने जादा तेल काढलं, स्पंज साबणाने धुऊन वाळवला, प्लग पुसला. थोडा वेळ धूर ओकून इंजिन पुन्हा सुरात आलं.

परतीच्या वाटेवर मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सांगावं, तर माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवेल. न सांगावं, तर पुन्हा हेच होईल. तेलाचा कॅन गुपचूप लपवता आला असता. पण मग वस्तरा काढून घेणाऱ्यांत आणि आपल्यात फरक तो काय?

जनू ओटीवर वाट पाहत होता. "उशीर केलास गो. काय झाला?"

तिने सगळं सांगितलं. पट्टीची खूण सांगितली, आडवं करताना फिल्टरची कूस वर ठेवायची तेही सांगितलं.

त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "सनाचा होता गो. अर्दा कसा ठेवाचा?"

"ठावं हाय मना."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तुळशीला वाटलं, जवळ बसावं, पाठीवर हात ठेवावा. ती बसली नाही. मशीन तिने नेहमीसारखंच खाटेला खेटून लावलं, तेलाच्या पट्टीची बाजू त्याच्या डाव्या हाताकडे केली, फडकं हाताशी ठेवलं.

"नरेंद्रचा लॉन अर्दाच झालाय, उद्या जायाचा हाय. पात्याला गवत चिकटलाय," ती भिंतीला सांगावं तसं म्हणाली आणि आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला बसली.

बाहेर काही हललं नाही. तवा तापला, पहिली भाकरी करपली, तरी तिचे कान ओटीवरच. मग खाट करकरली. प्लगची वायर निघाल्याचा टक् असा आवाज आला. जनू मशीन आडवं करण्याआधी वायर नेहमी काढायचा.

"तुलशे!" ओटीवरून खेकसणं आलं. "फिल्टर वरती ठेवाचा बोललीस, नि मना एका हातानं या बाजूला पलटी होतंय का? जरा धर येऊन!"

पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेर धावली.