काकणांची हाक

आमच्या काळी नवऱ्याला हाक मारायची सोय नव्हती. नाव घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. नुसतं "अहो" म्हणावं, तर ओसरीवर मामंजी बसलेले आणि चुलीपाशी सासूबाई. मग बाईनं करावं काय? काकणं वाजवावीत. एकदा खणकन वाजली की अंघोळीचं पाणी तापलंय. दोनदा वाजली की ताट वाढलंय. आणि हळूच, रेंगाळत वाजली की काय, ते सांगायला मी आता फार म्हातारी झालेय. भरल्या घरात आमचं दोघांचं सगळं बोलणं त्या हिरव्या काचेतून चालायचं.

गाव चाकणच्या अलीकडं, इंद्रायणीच्या काठाला. तेव्हा चिंचवडच्या अंगाला कारखाने उभे राहायला लागले होते. आमचे घरधनी सायकल मारत तिथल्या एका कारखान्यात जायचे. तिथं मोठमोठ्या लोखंडी टाक्या बनत. हे अंगानं सडपातळ, म्हणून ह्यांना टाकीच्या आत बसवत. बाहेरून दुसरा गडी तापलेल्या रिबिटीवर, म्हणजे पत्रे जोडायच्या जाड खिळ्यावर, घण घालणार, आणि आतून ह्यांनी जड लोखंड लावून ती रिबीट दाबून धरायची. सबंध पाळी हेच. एकदा कानात बाळंतिणीसारखा कापूस घालून गेले, तर बरोबरीचे म्हणाले, "काय राव, बाळंत झालास काय?" झालं! त्या दिवसापासून कापूस खिशात राहिला.

एका संध्याकाळी मी ताट वाढलं, काकणं दोनदा वाजवली. हे ओसरीवर पाठमोरे बसलेले, हलले नाहीत. पुन्हा वाजवली. नाही. भाकरी निवली. सकाळी माहेरी जाण्यावरून आमची जुंपली होती, तेव्हा मला वाटलं फुगून बसलेत. तेवढ्यात मामंजींनी अंगणाच्या त्या टोकाकडून भरड्या आवाजात "बैलं बांध रं" म्हटलं, तर हे चटकन उठले. बापाचं ऐकू येतं आणि बायकोचं तेवढं नाही! सासूबाई तवा उतरवत म्हणाल्या, "झोपलेल्याला उठवता येतंय बाई, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?"

मीही काही गरीब गाय नव्हते. अबोला धरला. ज्याला आपली हाक पोचतच नाही त्याच्याशी अबोला धरून काय उपयोग, हे मला कुठं ठाऊक!

मग एकदा गोठ्यात हेच म्हणाले, "का गं, काकणं पिचली का तुझी? वाजत न्हाईत आताशा." मी चिडून दोन्ही हात त्यांच्या तोंडापुढं नाचवले. काकणं नुसती खळाखळा वाजत होती. हे माझ्या मनगटांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "वाजव की." मी वाजवतच होते.

रुईचं पान शेकून पिळून झालं, लसणाचं तेल झालं. शेवटी पुण्यातल्या एका कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी वाजवून कानाशी धरलं. जाडा चिमटा ह्यांना ऐकू आला. बारीक वाजवला, तर हे डॉक्टरांच्या तोंडाकडंच बघत बसले. डॉक्टर मला म्हणाले, "भोंगा ऐकू येईल, पुरुषाचा जाडा आवाज ऐकू येईल, बारीक आवाज गेले. आतल्या शिरा घणाच्या आवाजानं मेल्यात. आधी ते काम सोडा."

मी म्हटलं, "औषध द्या की."

ते भले माणूस होते, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "नक्की गुण येईल असं औषध नाही. काही जण जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन बघतात, आणि एक गोळी आहे, तिनं रक्त जोरात वाहतं. अंग तापेल, चेहरा लाल होईल, घाबरू नका. थोडे दिवस करून बघू." मला त्यातलं "करून बघू" एवढंच ऐकू आलं.

परतताना स्टेशनापासून चालत होतो. हे मध्येच म्हणाले, "तुझ्या तोंडून माझं नाव ऐकायचं ऱ्हाऊनच गेलं बघ." लग्नात उखाणा घेतला होता मी, पण लाजून पुटपुटले, आणि वर ताशाचा दणका. ह्यांना काही कळलं नव्हतं. तेव्हापासून मागं लागलेले, एकदा घे, कुणी नसताना घे. मी आयुष्याचं कारण सांगून टाळायची. त्या दिवशी मी रस्त्यात थांबले, ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि सावकाश, तोंड नीट उघडून म्हणाले, "कान बरे होऊ द्या. घेईन." हे लहान पोरासारखे हसले.

टाकीतलं काम सुटलं, त्याच कारखान्यात रंग द्यायच्या कामावर घेतलं. चिंचवडला एक कंपाउंडर इंजेक्शन टोचायचा. आणि रोज संध्याकाळी गोळी. गोळी घेतली की घटकाभरात ह्यांचा चेहरा, कान, मान लालभडक व्हायची, अंगाला मुंग्या यायच्या. घरात सगळ्यांना तेवढाच आनंद. "औषध चढतंय," मामंजी म्हणायचे. जितकी आग जास्त तितका गुण जास्त, अशी आमची समजूत. म्हणून हे गोळी उपाशीपोटी घ्यायचे, म्हणजे आणखी भडकायची. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. चूल भडकली म्हणजे भात शिजलाच, असंच ते झालं. त्या लाल कानांकडं बघून मी सुद्धा देवाला हात जोडायची.

मग परीक्षा. हे गोठ्यात म्हाताऱ्या बैलासमोर जाऊन बसायचे, त्याच्या मानेवर हात ठेवून. बसायचं तर तिथंच, असा हट्ट. मी मागं दाराशी उभी राहून काकणं वाजवायची. कितीतरी दिवस काही नाही. मी पदरात तोंड खुपसून घरात यायची.

आणि एका संध्याकाळी मी वाजवली आणि ह्यांनी मान वळवली.

देवा रे! मी धावत जाऊन सासूबाईंना मिठी मारली. दुसऱ्या दिवशीही वळले. तिसऱ्याही. मामंजींनी गावात पेढे वाटले. मला एकाच गोष्टीचं नवल वाटायचं. इतकं मागं लागणारा माणूस, आता कान आले तरी नावाचं काढत नव्हता. मला वाटलं, विसरले. मग मीच ठरवलं, आपण होऊन घ्यायचं.

त्या दिवशी घरात कुणी नव्हतं. मी गोठ्यामागं गोवऱ्या थापत होते. हात शेणानं भरलेले, काकणं कोपरापर्यंत वर सारून घट्ट बसवलेली. दारातून बघितलं तर हे नेहमीसारखे बैलासमोर, पाठमोरे. मी तशीच उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. आणि मी नाव घेतलं. स्पष्ट, पूर्ण, लाजबिज सोडून. ते नाव मी इथंही लिहीत नाही.

बैलाचा कान माझ्या बाजूला फिरला. ह्यांची नजर त्या कानावरच होती.

हे लगेच वळले, तोंडभर हसले आणि म्हणाले, "वाजली! वाजली गं काकणं, आली ऐकू!"

काकणं तर वाजलीच नव्हती. मग ह्यांची नजर माझ्या हातांवर गेली, वर सारलेल्या काकणांवर गेली. हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून गेलं. माझ्यासाठी एवढे दिवस बैलाच्या कानानं ऐकत होता तो माणूस. मी रडत घरात जाते ते त्याला बघवत नव्हतं.

"मंग तू काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

ओरडून सांगण्याची ती गोष्ट नव्हती. मी मनगटानं डोळे पुसले आणि घास तोंडाशी नेल्याची खूण केली. जेवायला चला. हे उठले. बैलाच्या पाठीवर एकदा थापटलं आणि माझ्यामागून आले.

नातू सांगतो, आजही मेलेल्या शिरा जिवंत करणारं औषध दुकानात मिळत नाही, शोध चाललाय म्हणतात. चालू दे. लवकर लागू दे. आम्ही त्यानंतर पुष्कळ संसार केला, खुणांनी, डोळ्यांनी, भांडणं सुद्धा हातवाऱ्यांनी केली. गोळ्यांची बाटली अर्धी भरलेली होती, ती मी उकिरड्यात पुरली. नाव मात्र पुन्हा घेतलं नाही. माझ्या तोंडून ते एकदाच निघालं, आणि ऐकलं ते त्या बैलानं.