न झाडलेली गोळी

त्या प्रकरणाची आठवण निघाली की सगळ्यात आधी मला माझा गोंधळच आठवतो.

शहागडजवळ गोदाकाठी एका बाईंची शेती होती. शेतातून वाळूचे टिप्पर जाऊ देत नाहीत म्हणून त्यांना धमक्या येत. त्यांनी रीतसर परवान्याचं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं आणि त्या जालन्याला नेमबाजीच्या रेंजवर जाऊन नियमाने सराव करत.

एका दुपारी माझ्या ठाण्यात त्या आल्या. म्हणाल्या, टिप्परवाल्याने शेतात येऊन माझ्यावर गोळी झाडली. त्यांची फिर्याद लिहून होते न होते तोच टिप्परवाल्याचा भाऊ ओरडत आला, "साहेब, बाईनंच गोळी मारून माझ्या भावाचा हात फोडला!"

बाईंचं रिव्हॉल्व्हर जप्त केलं. आत सहाही काडतुसं जिवंत. पण झाडून पुन्हा भरलं नसेल कशावरून? शेतात कापूस वेचणाऱ्या बायांचे जबाब घेतले. बार एकच झाला, यावर सगळ्या ठाम होत्या.

"बंदूक कुणाच्या हातात होती?"

"बाईच्या हातात बघितली. त्याचं बराबर दिसलं न्हाई, त्याची पाठ होती आमच्याकडं."

मी बाईंना विचारलं, "तुमचा नेम चांगला आहे म्हणतात. मग तुम्ही झाडली का नाही?"

"त्याच्या मागं बाया वेचत होत्या ना साहेब. चुकली असती तर?"

"आणि तो पळाला तेव्हा?"

"पळत्या माणसावर कशाला झाडू?"

उत्तरं इतकी शांत होती की माझा संशय वाढला. कुणी पढवून तर पाठवलं नसेल? कदाचित निर्दोष असलेल्या बाईवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागायची वेळ आली होती आणि मला काहीच उलगडत नव्हतं.

जखमी मात्र घरातून गायब होता. मग खबऱ्याचा फोन आला. टिप्परवाला आष्टीला पाहुण्याकडे हात बांधून बसला होता. त्याला आणलं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळीची जखम नाही, तळहातातून लोखंडाचे तुकडे काढलेत.

मी त्याला समोर बसवलं. "गोळी लागली तेव्हा हात कसा होता? चांगल्या हाताने दाखव."

त्याने डावा हात पुढे केला. मूठ वळलेली, तर्जनी तेवढी वेगळी वाकलेली.

"त्या मुठीत काय होतं?"

त्याने मूठ सोडून हात मागे घेतला. मग म्हणाला, "कट्टा. पैल्यांदाच चालवला साहेब. हातातच फुटला."

कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. त्याचे तुकडे त्यानेच नदीकाठच्या झुडपातून काढून दिले. बाईंच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटलीच नव्हती, असा तपासणी अहवालही आला.

रिव्हॉल्व्हर परत न्यायला बाई आल्या, तेव्हा मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण तव्हा बोट चापाच्या बाहेरच राह्यलं. सवयच ती."

सराव नेमासाठी असतो, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. स्वसंरक्षणाचा अधिकार कायदा देतो, पण त्या क्षणी कुठे थांबायचं हे सांगायला कुणी शेजारी उभं नसतं. ते हाताला आधीच माहीत असावं लागतं.

तरी मी एक विचारलंच, "मागे बाया नसत्या तर?"

त्यांनी रिव्हॉल्व्हर पिशवीत ठेवलं. "मलाबी कळंना झालंय साहेब," म्हणाल्या.

त्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मलाही अजून कळलेलं नाही.